देश सोडून जाण्यास हरकत नाही

अहो, तुमची ट्रंक आली.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या कारखान्यातले धोंडीभाऊ ती टांग्यातून घेऊन दारात उतरले. नैरोबीहून मोंबासा, तिथून बोटीनं मुंबई, मुंबईहून रेल्वेनं सातारा रोड. एवढ्या वाटेत त्यांनी ती एकाही हमालाच्या डोक्यावर दिली नाही म्हणे. झाकणावर पांढऱ्या रंगात तुमचं नाव आणि त्याखाली तुमच्याच हातचं ‘सातारा’. ती अक्षरं तुम्ही मी निघायच्याही आधी रंगवून ठेवली होतीत. मी हसले होते, की अजून घराला गिऱ्हाईक ठरलं नाही आणि ट्रंकेला गाव मिळालं. आता ट्रंक गावाला पोचली. तुम्हीही पोचलात, पण धोंडीभाऊंच्या मांडीवरच्या पितळी डब्यातून.

तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. आम्ही माहुलीला जाऊन आलो. आपली शकू सांगलीहून बाळाला घेऊन आली होती. संगमावर गुरुजी जे सांगत होते ते जावईबापूंनी केलं. मी काठावर बसून राहिले. मला तेव्हा एवढंच सुचत होतं की या माणसाला पाणी फार गार लागतं, सकाळी आंघोळीला किती कुरकुर करतो.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून तुम्ही गेलात आणि मी आता कुणाशी भांडू?

घर विकायचं खूळ माझं. ते मी कुणाजवळ नाकारत नाही. बावीस वर्षं नैरोबीत काढली, त्यातली चौदा त्या दगडी घरात. तुम्ही रेल्वेच्या कारखान्यातून येऊन, हात धुऊन, स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर. पत्र्यावर पाऊस पडला की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग आपण खुणांनी बोलायचो. मला ते घर आवडायचं, हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विकलं नसतंत. शकूचं लग्न करून तिला सांगलीला पाठवली आणि माझं तिथलं मन उडालं. रोज एकच धोशा लावला मी. इथं मेले तर माझ्यावर रडायला ओळखीचं कोण येणार?

तुम्ही चहा फुंकत म्हणायचात, ‘‘मेल्यावर कोन रडतंय ते तुला दिसनार हाय व्हय गं?’’

‘‘दिसो न दिसो. मला आपल्या माणसांत मरायचंय.’’

‘‘मग जाऊ की. पर आपल्या गावचा, कडेगावचा उन्हाळा माझ्यानं सोसायचा न्हाई आता. साताऱ्यात ऱ्हाऊ. तिथं हवा हितल्यासारखी हाय.’’

इतक्या सहज तुम्ही कबूल झालात की मलाच चुकल्यासारखं वाटलं. घर विकलं. घेणाऱ्या शेठनं दोन वाटे पैसे दिले आणि तिसरा वाटा राखून ठेवला. घरावरची सगळी बिलं, पट्ट्या आणि सरकारचा कर चुकता झाल्याचे कागद दाखवा, मग उरलेले घ्या, असं त्याचं म्हणणं. ते रास्तच होतं. शिवाय कराच्या कचेरीचा दाखला हातात असल्याशिवाय बोटीचं तिकीट मिळत नव्हतं. शकूचे दिवस भरत आले होते, म्हणून मी सामान घेऊन पुढं निघायचं आणि तुम्ही मागचं आवरून यायचं असं ठरलं. स्टेशनवर गाडी हलली तरी तुम्ही खिडकीचा गज धरून चालत होता. ‘‘पंदरा दिसाचं काम हाय. तू घर झाडून ठिवंस्तवर मी आलोच बघ.’’

मी घर झाडून ठेवलं. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीतून अजिंक्यताऱ्याचा डोंगर दिसतो. पंधरा दिवसांचे सहा महिने झाले.

सुरुवातीला तुमच्या पत्रांचं हसू यायचं. विजेच्या बिलाचं झालं, अनामत परत मिळाली. जागेचं सरकारी भाडं भरलं. घरपट्टीची सात वर्षांपूर्वीची एक पावती सापडत नव्हती, ती देवांच्या फोटोमागं मिळाली. मग पाण्याचं शेवटचं बिल आलं ते नेहमीच्या तिप्पट. तुम्ही म्हणालात पाणी कुठंतरी झिरपतंय. घर विकून दोन महिने झालेले, तुम्ही बाजारात दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत धोंडीभाऊंबरोबर राहत होता, आणि तिथून कुदळ घेऊन विकलेल्या घरी गेलात. दोन दिवस अंगण खणलंत. नळ कुठं फुटलाय ते शोधून स्वतः सांधा मारलात. तिकडं जुलैत केवढा गारठा, वर झिमझिम पाऊस. मी लिहिलं, ‘घर दुसऱ्याचं झालं, नळ त्याचा, तुम्हाला काय करायचंय?’ तुमचं उत्तर आलं, ‘घर त्याचं झालं हे खरे, परंतु मीटर अजून माझ्या नावावर आहे.’

खोकला तेव्हाच लागला असणार. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. मी विचारलंही नाही.

आणि मग ते भाड्याचं. तुमच्या-माझ्यातलं खरं भांडण तेच आहे.

लढाईच्या दिवसांत मागच्या दोन खोल्या आपण दोघा पंजाबी कारकुनांना दिल्या होत्या. तीन वर्षं ते राहिले. भाडं महिन्याच्या महिन्याला माझ्या हातात यायचं आणि मी ते बिस्किटांच्या डब्यात टाकायची. शकूच्या पाटल्या त्यातूनच झाल्या. तुमच्या कराच्या कागदावर ते भाडं कधीच चढलं नाही. तुम्ही एकदा म्हणाला होता, ‘‘ते बी लिवाय पायजे.’’ मी म्हटलं, ‘‘बायकांच्या पैशाला कर नसतो.’’ तुम्ही गप्प बसलात. माझ्यासाठी गप्प बसलात हे मला तेव्हाही कळलं होतं.

आता सगळी बिलं संपली. दाखला तयार झाला. कराच्या कचेरीतल्या कारकुनानं शिक्का उचलला आणि रीतीप्रमाणं विचारलं की याशिवाय घरापासून आणखी काही मिळकत होती का. आणि तुम्ही म्हणालात, होती.

हे तुम्ही मला पत्रात कळवलंत, चार ओळींत. ‘भाड्याचे सांगून टाकले. कागद पुन्हा उघडले आहेत. दोन-तीन महिने लागतील असे म्हणतात. मन हलके झाले. बाळ कुणासारखे आहे ते लिहावे.’

तुमचं मन हलकं झालं! माझ्या मनाचं काय झालं ते तुम्हाला कुठून कळणार? शकूचं बाळंतपण अवघड गेलं होतं, मी एकटीनं काढलं. घरमालकीण रोज विचारायची, यजमान येणार आहेत ना नक्की? बायका पाणवठ्यावर माझ्या पाठीमागं बोलायच्या. आणि तुम्ही तिकडं, कुणी विचारलं नसतं तर कुणाला कळलं नसतं अशी गोष्ट सांगून बसलात. तेही माझी गोष्ट. मी लपवलेली.

त्याच दुपारी मी चार पानं लिहिली. काय लिहिलं ते तुम्हाला आज पुन्हा सांगते, कारण तुम्हाला ते सांगितलं गेलं की नाही याचाच घोळ आहे. मी लिहिलं की तुम्ही माझी अब्रू परक्या कचेरीत नेऊन टांगलीत. मला चोर ठरवून स्वतः साव झालात. लिहिलं की तुम्हाला यायचंच नाही, घर विकायला लावलं त्याचा सूड उगवताय. आणि शेवटी लिहिलं, आता नाही आलात तरी चालेल.

एरवी मी पत्र बोटीनं पाठवायची, तीन-चार आठवडे लागायचे. पण हे लवकर पोचावं म्हणून जास्तीचे पैसे भरून विमानानं पाठवलं.

पाच-सहा दिवसांनी राग उतरला. बाळाला तेल लावताना तिच्या कपाळावर तुमच्यासारखी आठी दिसली आणि मला रडूच फुटलं. पुन्हा लिहायला बसले. लिहिलं की ते भाडं लपवलं ही चूक माझी, तुम्ही बरोबर केलंत, मला लाज वाटली म्हणून मी तशी बोलले. लिहिलं की पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय. लिहिलं की कितीही दिवस लागू देत, मी आहे. आणि हे पत्र बोटीनं पाठवलं. विमानाला पैसे कशाला घालवायचे, आता काय घाई आहे, असा विचार केला मी. असा विचार केला!

तुम्ही गुरुवारी गेलात. तार शनिवारी आली. मधल्या दोन दिवसांत मी काय काय केलं ते आठवत बसते. कुंकू लावलं. शेंगा फोडून दाणे भाजले, तुम्हाला चटणी आवडते म्हणून. आल्यावर करायची घाई नको. शुक्रवारी शेजारणीशी बोलताना मोठ्यानं हसलेसुद्धा. तार इंग्रजीत होती. घरमालकांनी वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडं न बघता आपल्या बायकोला हाक मारली. तेव्हाच मला कळलं.

धोंडीभाऊ आले तेव्हा मी ट्रंक उघडली. कपडे, दाढीचं सामान, बिलांच्या पावत्यांची दोऱ्यानं बांधलेली चवड. त्यावर माझी शेवटची दोन्ही पत्रं. विमानाचं फोडलेलं. बोटीचं बंद, तुम्ही गेल्यावर नऊ दिवसांनी पोचलेलं. मी ते अजून उघडलेलं नाही. माझंच पत्र, माझ्या तोंडपाठ आहे, मी कशाला उघडू?

मी धोंडीभाऊंना विचारलं, ‘‘हे पत्र कुणी फोडलं?’’

तुम्हाला माहीत आहे ते कसे आहेत. म्हसवडचा रांगडा माणूस, कारखान्यात बारा माणसांचं वजन एकटा उचलायचा. ते जमिनीकडं बघत म्हणाले,

‘‘म्याच फोडलं, वहिनी. आण्णांना ताप लय चढलेला. म्हनले, वाचून दाव. मला कुठं धड वाचाय येतंय? अक्षर लावून लावून वाचलं.’’

‘‘सगळं वाचलंत?’’

‘‘निम्मं मला लागलंच न्हाई. आन निम्मं म्या वाचलं न्हाई.’’

‘‘मग काय सांगितलंत त्यांना?’’

‘‘सांगितलं, वहिनी लिवत्यात, तब्येतीला जपा, लवकर या, आमी वाट बघतोय. आनखी काय सांगनार? तापानं फणफणल्याल्या माणसाला ते कसं वाचून दावू?’’

मी त्यांचे पाय धरायला वाकले. ते मागं सरले. म्हणाले, ‘‘आवं, असं काय करताय वहिनी?’’ मला वाटलं, सुटले. देवानं या अडाणी माणसाच्या रूपानं मला सोडवलं. तुम्ही माझे ते शब्द ऐकले नाहीत. एवढंच मला पाहिजे होतं.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, ‘‘ते काय म्हणाले?’’

धोंडीभाऊंना खोटं बोलता येत नाही. एकदा बोलले तेवढंच. ‘‘हसले. म्हनले, धोंडिबा, चार पानाचं पत्र दोन वळीत वाचलंस की रं. मग म्हनले, चष्मा दे हिकडं. म्या म्हनलं, चष्मा घावंना आण्णा, मागनं बघतो. आन चष्म्याची डबी वरच्या फळीवर ठिवून कामावर गेलो.’’

‘‘आणि संध्याकाळी?’’

ते उठून ट्रंकेचं झाकण लावू लागले.

‘‘संध्याकाळी डबी कुठं होती, भाऊजी?’’

‘‘खिडकीत,’’ ते म्हणाले. ‘‘खाटंजवळ.’’

म्हणजे तुम्ही उठलात. उभं राहवत नसताना, भिंत धरून, वरच्या फळीपर्यंत हात नेलात. माझं पत्र वाचण्यासाठी. नाही आलात तरी चालेल, हे वाचण्यासाठी. अहो, कशाला उठलात? आयुष्यभर सकाळी उठायला सतरा हाका माराव्या लागायच्या आणि त्या दिवशी कशाला उठलात?

मी धोंडीभाऊंना पुन्हा पुन्हा विचारलं. काही म्हणाले का? पत्राबद्दल एक शब्द? चेहरा कसा होता? ते बिचारे आठवून आठवून दमले. पत्राचं तुम्ही नावच काढलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणालात, ‘‘जाता जाता कराच्या कचेरीत जाऊन ये. म्हनावं जरा लवकर करा, घरी वाट बघत्यात.’’

घरी वाट बघत्यात. हे तुम्ही माझं पत्र वाचून म्हणालात, की धोंडीभाऊंचं ऐकून? मला क्षमा करून म्हणालात, की मला खोटं पाडायला? का नुसतंच आपलं म्हणालात, तापात? मी पंधरा दिवस हे तीन शब्द उलटेपालटे करते आहे. शकू म्हणते, आई, बाबांना तुझा स्वभाव ठाऊक होता, त्यांनी मनावर घेतलं नसणार. ती लेक आहे, ती असंच म्हणणार. तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं पटावं? आणि तुम्ही तर सांगणार नाही.

रागावलात तर चार दिवस न बोलता राहायचात आणि पाचव्या दिवशी बाजारातून येताना न सांगता पेरू आणायचात. तोच आपला समेट. या खेपेला पाचवा दिवस उजाडलाच नाही.

कराचा दाखला तुम्ही गेल्यावर अकरा दिवसांनी निघाला. भाड्यावर कर बसला तो किती, ते लिहायची मला लाज वाटते. बोटीच्या डेकच्या, सगळ्यात स्वस्त तिकिटाहून कमी. तो तुम्ही आधीच धोंडीभाऊंच्या हाती भरायला देऊन ठेवला होतात. दाखला तुमच्या नावानं त्या खोलीवर आला. जावईबापूंनी मला मराठीत समजावून सांगितला. ‘यांच्याकडे सरकारचे काहीही येणे नाही. त्यांना देश सोडून जाण्यास हरकत नाही.’

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचला.

मग उरला एकच कागद. घर घेणाऱ्या शेठच्या वकिलानं धोंडीभाऊंबरोबर पाठवलेला. वारसानं सही करायची, की दाखवलेल्या सगळ्या बिलांचा आणि करांचा निकाल लागला, राखून ठेवलेला तिसरा वाटा मिळाला की आमची काही तक्रार नाही, आणि यापुढं या घराबाबत कुठलाही पत्रव्यवहार होणार नाही. खाली एक रकाना, मयताशी नातं काय. धोंडीभाऊ म्हसवडला घरी जाऊन परतीच्या बोटीच्या वेळेला येणार आणि कागद घेऊन जाणार.

सहा महिने मी देवापुढं एकच मागत होते, हा हिशेब मिटू दे. आणि आता तो मिटवायची पाळी माझी आली तर माझा हात उठेना. शकूला सांगितलं, अमावास्या आहे. मग सांगितलं, साक्षीदार गावाला गेलाय. मग टाकाचं टोक मोडलं, ते मीच मोडलं. शकू चिडली. ‘‘आई, त्या पैशावरच तर तुझं पुढचं सगळं आहे. भाडं थकलंय. सही का करत नाहीस?’’

तिला काय सांगू? हे प्रकरण उघडं होतं तोवर नैरोबीत कुणीतरी तुमच्या नावाचे कागद हातात घेत होतं. तुमचं नाव टपालावर येत होतं. पोस्टमन दारात ते मोठ्यानं वाचायचा आणि मी ‘हो, हेच घर’ म्हणायची. मी सही केली की तेही थांबणार. तुमच्या खरेपणाचा मला राग आला, कारण त्यानं तुम्हाला तिथं अडकवलं. आता मीच तो कागद अडकवून बसले होते, आणि त्यात खरेपणा काही नव्हता. नुसती भीती होती.

आज सकाळी धोंडीभाऊ आले. खांद्यावर घोंगडं, हातात वळकटी. दुपारची गाडी गाठायची होती. ते ओसरीत बसले, पाणी प्यायले. म्हणाले, ‘‘वहिनी, मी सांगतोय म्हनून न्हाई. पर आण्णांनी एक बिल बाकी ठिवलं न्हाई. ह्यो एक कागद तुमी ठिवू नगा.’’

मी आत गेले. दौत आणली, नवा टाक आणला. जावईबापूंनी बोट ठेवलं तिथं सही केली. सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीसारखी, एकेक अक्षर वळवून, तुमच्या नावासकट पूर्ण. नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ लिहिलं.

धोंडीभाऊ कागदाची घडी घालायला वाकले.

मी म्हटलं, ‘‘थांबा भाऊजी. शाई वाळू द्या.’’

ते थांबले. जावईबापूंनी दौतीचं झाकण लावलं. बाळ आत कुरकुरलं आणि शांत झालं. शाई केव्हाच वाळली होती. ते त्या दोघांनाही दिसत होतं, आणि कागद तसाच आमच्या तिघांच्या मध्ये पडून राहिला.